पाचशे गुणिले दोन म्हणजे पाच लाख पाचशे

ताई,
मी साकीनाक्याच्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही हाउसिंग सोसायट्यांसाठी मेन्टेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर बनवतो. सगळं पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत, साधारण चाळीस हजार ओळी, आणि आम्ही सहा जण. गेल्या महिन्यात मुलुंडच्या एका सोसायटीतल्या आजोबांना दोन पार्किंगचे हजार रुपये लागायला हवे होते, तिथे पाच लाख पाचशे लागले. कारण सापडलं. त्या सोसायटीच्या एक्सेलमध्ये दराचा कॉलम 'टेक्स्ट' म्हणून सेव्ह झाला होता. पायथनने "५००" या स्ट्रिंगला (म्हणजे नुसत्या मजकुराला) २ ने गुणलं आणि "५००५००" करून दिलं. पुढे बेरजेच्या ओळीत कुणीतरी पूर्वीच इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावून ठेवला होता, त्यामुळे एररही आली नाही.
आमचे लीड सर (आधी बारा वर्षं बँकेच्या प्रोजेक्टवर, जावा) म्हणतात की पैशाचं काम डायनॅमिक भाषेत करायचंच नसतं, सगळं जावात नव्याने लिहू. माझी सीनियर मैत्रीण म्हणते, टेस्ट नीट असत्या तर हे झालंच नसतं, टाइप म्हणजे नुसता लिहायचा ताप. मालकांनी मला मध्ये घातलंय, कारण पार्किंगचा भाग मी लिहिला होता. सोमवारी मीटिंग आहे. खरं कोणाचं? आणि जे असेल ते सरांना सांगू कसं?
— मधल्यामध्ये अडकलेला, विक्रोळी

अरे, सगळ्यात आधी आजोबांचं ते बिल सिस्टिममधूनही रद्द झालंय का ते बघ. फोनवर सॉरी म्हणून भागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं, आणि तुमचं सॉफ्टवेअर ते आपोआप लावत असणार. पाच लाख पाचशेवर हे व्याज महिन्याला पावणेनऊ हजारांच्या घरात जातं. पुढच्या बिलात ते उमटलं तर सोमवारच्या मीटिंगचं तुला काही वाटणार नाही, सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहावं लागेल.

आता तुझा प्रश्न. सरांनी दुखणं ओळखलंय, पण त्यावर ऑपरेशन सुचवतायत. मैत्रीण ऑपरेशन नको म्हणते ते बरोबर आहे, पण त्या भरात दुखणंच नाही म्हणते. तुम्ही पायथनमध्येच राहा. पैसा जिथून आत येतो आणि जिथे फिरतो, तिथे टाइप लावा. बाकीचं आहे तसं राहू दे. माझं मत एवढंच. ते सोमवारी कसं मांडायचं हे कळण्यासाठी मात्र तुला त्या एका ओळीच्या आत नीट शिरावं लागेल.

ज्या वाचकांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टाइप म्हणजे एखादी किंमत आकडा आहे की मजकूर, ही तिची जात. स्टॅटिक टाइपिंग म्हणजे आपली मेट्रो: गेटवर तिकीट दाखवल्याशिवाय प्लॅटफॉर्मला पाय लागत नाही. डायनॅमिक म्हणजे लोकल: चढा बिनधास्त, टीसी भेटला तर भेटला, आणि भेटला की दादरच्या पुलावर चारचौघांत. जावात कोणत्या नावामागे आकडा आहे आणि कोणत्या नावामागे मजकूर, हे प्रोग्रॅम चालू होण्याआधी तपासलं जातं. पायथनमध्ये ती ओळ प्रत्यक्ष चालते तेव्हा. आणि हो, उलट्या दिशेच्या गाडीत बसलात तर मेट्रोचं गेट काही बोलत नाही.

पायथन ढिसाळ आहे असं मात्र सरांना मीटिंगमध्ये म्हणू देऊ नकोस. "५००" अधिक २ असं लिहिलं तर पायथन तिथल्या तिथे टाइप एरर देऊन थांबते. जावास्क्रिप्ट थांबत नाही, ती "५००२" करून पुढे जाते. डायनॅमिक असणं वेगळं आणि वाटेल ते खपवून घेणं वेगळं. तुमचं नशीब असं की तुम्ही नेमका गुणाकार केलात. स्ट्रिंगला पूर्णांकाने गुणलं की ती तितक्या वेळा लिहायची, ही पायथनची जाणूनबुजून दिलेली सोय आहे. रिपोर्टमध्ये चाळीस डॅश ओढायला ती बरी पडते, पार्किंगच्या दराला नाही.

म्हणजे सर बरोबरच, असं तू म्हणशील. जावात "५००" गुणिले २ कम्पाइलच होणार नाही (म्हणजे प्रोग्रॅम चालवण्याआधीच कोड तपासणारा कम्पायलर ते अडवेल), हे खरं आहे. पण त्याच्या एक पायरी मागे जा. तो कॉलम टेक्स्ट आहे हे कुठे लिहिलेलं होतं? सोसायटीच्या एक्सेलमध्ये. ती फाइल प्रोग्रॅम चालू असताना उघडते, कम्पायलरच्या नजरेला कधी पडतच नाही. जावात तुम्ही बहुधा अपाचे पीओआय ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून ती फाइल वाचली असती. सेलमधून आकडा मागितला आणि आत मजकूर निघाला, तर पीओआय एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकते, तेही प्रोग्रॅम चालू असताना. थोडक्यात, आजोबांचं बिल जावातही वाचलं असतं, पण वाचवलं असतं ते रनटाइमच्या तपासणीने. हा मुद्दा सरांसमोर मांडताना चेहऱ्यावर हसू येऊ देऊ नकोस.

जावाच्या कम्पायलरने एक गोष्ट नक्की केली असती. 'इथे मजकुराचा आकडा करायचा आहे' हे कुणाला तरी एका ठरावीक जागी लिहायला लावलं असतं. तुमच्या कोडमध्ये तो निर्णय कुणी घेतलाच नाही. बहुतेक सोसायट्यांच्या फाइलमधून आकडा आकडा म्हणूनच येत होता, म्हणून चाललं. आणि बेरजेतला तो इंट! माझ्या मते खरा गुन्हेगार तोच. एखाद्या दिवशी बेरीज फुटली असेल, कुणीतरी घाईत इंट लावून एररचं तोंड बंद केलं आणि डिप्लॉय करून (चालू सिस्टिमवर चढवून) घरी गेलं. तो नसता तर पायथनने "५००५००" आणि बाकीच्या रकमा एकत्र करायला नकार दिला असता, त्या सोसायटीचं बिलिंग त्या रात्री अडकलं असतं, आणि सकाळी तुला एक शिवी पडून विषय मिटला असता.

आता कदाचित कुणी म्हणेल, मग पायथनमध्येच टाइप हिंट लिहू, मायपाय लावू, झालं. टाइप हिंटची पद्धत पायथनच्या पेप ४८४ या प्रस्तावाने ठरवली आणि २०१५ मध्ये पायथन ३.५ बरोबर ती आली. मायपाय त्या हिंट वाचून चुका दाखवतं. पण हिंट म्हणजे सूचना. प्रोग्रॅम चालताना पायथन त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि तुमची ती ओळ मायपायला दाखवलीस तर ते हुं की चूं करणार नाही. स्ट्रिंग गुणिले पूर्णांक बरोबर स्ट्रिंग: चालतं. स्ट्रिंगवर इंट: तेही चालतं. दोन्ही ओळी टाइपच्या दृष्टीने निर्मळ, आणि बिल पाच लाखांचं. त्यात ज्या फंक्शनवर एकही हिंट लिहिलेली नाही, त्याच्या आत मायपाय सेटिंग बदलल्याशिवाय डोकावतसुद्धा नाही. आणि एक्सेल वाचणाऱ्या लायब्ररीने 'एनी' (काहीही चालेल) टाइपची किंमत हातात दिली, तर पुढच्या सगळ्या तपासण्या त्या किमतीपुरत्या बंद.

म्हणून टाइप कुठे लावायचा याला महत्त्व आहे. फाइल वाचली की तिथल्या तिथे प्रत्येक ओळीतून एक डेटाक्लास (ठरलेल्या रकान्यांची नोंद) बनवायचा: फ्लॅट नंबर स्ट्रिंग (बी-३०२ चा आकडा करायला जाऊ नका), पार्किंगची संख्या पूर्णांक, दर डेसिमल. फ्लोट (संगणकाचा अंदाजे दशांश) नाही, डेसिमल (नेमका दशांश), कारण फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाहीत आणि ऑडिटरला चार पैशांचा फरक चार लाखांइतकाच दिसतो. आलेल्या मजकुराचं रूपांतर फक्त या एका दारात होईल. जमलं नाही तर फाइलचं नाव, ओळ आणि कॉलम सांगून तिथेच थांबायचं. दाराच्या आत आलं की पुढच्या कुठल्याही फंक्शनला इंट, फ्लोट करायची परवानगी नाही. एवढं झालं की मायपायला काम मिळतं. दर डेसिमल आहे असं तू एकदा लिहून दिलंस की त्या जागी स्ट्रिंग घालू पाहणारी ओळ ते डिप्लॉयच्या आधी दाखवेल.

दारावर तुला काय काय भेटेल त्याचा नमुना देते. सोसायटीचे मॅनेजर "५००/-" लिहितात. कुणी "रु. ५००" लिहितं, कुणी पार्किंगच्या संख्येत "२ (१ स्टिल्ट)". मराठी आकड्यांतही लिहितात, आणि गंमत म्हणजे पायथनचा इंट देवनागरी "५००" बिनतक्रार वाचतो. जावाचा पार्स-इंटही वाचतो. जावास्क्रिप्टचा नंबर मात्र नॅन (हा आकडाच नाही) म्हणून हात वर करतो. पण "/-" कुणालाच पचत नाही. त्या दोन चिन्हांवर कुठल्याही भाषेच्या टाइप सिस्टिमकडे उतारा नाही, तो तुम्हालाच लिहावा लागणार.

मैत्रिणीचं म्हणणंही फेकून देण्यासारखं नाही. टेक्स्ट कॉलम आणि दोन पार्किंगवाला सभासद असलेली एक एक्सेल फाइल टेस्टमध्ये असती तर हा बग पहिल्याच दिवशी पकडला गेला असता. पण ती फाइल टेस्टमध्ये का नव्हती? कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. टेस्ट आपल्याला सुचलेल्या गोष्टी तपासते, टाइप न सुचलेल्यांपैकी काही तपासतो. सगळ्या नाही, काहीच. २०१७ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी गिटहबवरच्या जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमधले ४०० बग घेऊन पाहिलं, की आधीपासून टाइप लिहिले असते तर यातले किती सापडले असते. जावास्क्रिप्टला टाइप लावणारं टाइपस्क्रिप्ट असो वा फ्लो, उत्तर आलं १५ टक्के. हे बग टेस्ट आणि रिव्ह्यूतून निसटून आधीच बाहेर पडलेले होते, त्यामुळे १५ टक्के मला तरी बरेच वाटतात. पण उरलेल्या ८५ टक्क्यांचं काय, हा प्रश्न तुझ्या मैत्रिणीने विचारला तर तोही रास्तच आहे.

त्या ८५ त काय असतं? तुमच्याच घरातलं उदाहरण घे. व्याजाचा दर कुणी २१ असा ठेवला, कुणी ०.२१ असा. दोन्ही आकडे, दोन्ही डेसिमल, आणि कम्पायलर समाधानी. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये अशाच घोळात गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंदांत आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. आणि सरांना कडक भाषांवर फारच भरवसा असेल तर एरियन ५ या रॉकेटची आठवण करून दे. ४ जून १९९६ चं पहिलंच उड्डाण, चाळीसेक सेकंदांत यानाच्या चिंधड्या. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही. ते कोड एडात होतं, आणि एडाइतकी शिस्तीची भाषा शोधून सापडायची नाही.

अर्थात टक्क्यांचा घोळ टाइपने मिटवता येतो, पण त्यासाठी आधी तुम्हाला तो दिसावा लागतो. पायथनमध्ये न्यूटाइप वापरून 'वार्षिक टक्के' असा वेगळा टाइप करा, म्हणजे मायपाय नुसता डेसिमल तिथे घालू देणार नाही.

जावाबद्दल अजून एक. तुमच्याकडे सगळ्यात जास्त त्रास कशाचा असेल, सांगू? नसलेल्या गोष्टींचा. पार्किंग नसलेला सभासद, भाडेकरू नसलेला फ्लॅट, ईमेल नसलेल्या आजी. पायथनमध्ये तिथे 'नन' असतो, जावात 'नल'. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल आणला आणि २००९ मध्ये स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. जावाचा कम्पायलर नलबाबत अवाक्षर काढत नाही. नल पॉइंटर एक्सेप्शन पाहिलं नाही असा जावावाला शोधून आण, मी त्याला चहा पाजते. मायपाय मात्र 'इथे नन असू शकतो, आधी तपास' असं सांगतं. कॉटलिन ही भाषाही सांगते. म्हणजे या एका बाबतीत हिंट लावलेलं पायथन सरांच्या जावापेक्षा कडक निघतं. माझ्या अनुभवात मायपाय लावल्यावर पहिल्या आठवड्यात जे खरे बग निघतात त्यातले निम्म्याहून जास्त ननचेच असतात.

मग नव्याने लिहायचं का? नाही. चाळीस हजार ओळींत नुसतं पायथन नाहीये. बिनभोगवटा शुल्क (भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचं) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाता कामा नये, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, अमुक सोसायटी पाणीपट्टी नळांच्या संख्येवर लावते, तमुक सोसायटीत दुकानांचा हिशोब वेगळा, हे सगळं त्यात मुरलंय. त्यातलं बरंच कुठे लिहिलेलंही नसणार. सहा माणसं ते जावात उतरवेपर्यंत बिलं दर महिन्याला जायचीच आहेत. जुनं सांभाळा, नवं लिहा, आणि दोन्हींची बेरीज जुळवा. ड्रॉपबॉक्सचा पसारा तुमच्या शंभरपट होता. त्यांनी पायथन न सोडता हळूहळू हिंट लावत २०१९ पर्यंत ४० लाख ओळी मायपायखाली आणल्या. या 'हळूहळू'ला ग्रॅज्युअल टाइपिंग म्हणतात, २००६ मध्ये जेरेमी सीक आणि वालिद ताहा यांनी ते नीट मांडलं. तुम्ही त्याहून आळशी राहिलात तरी चालेल. आयात आणि बिलाची आकडेमोड ही दोनच मॉड्यूल कडक सेटिंगवर टाका. एकदाच चालवायच्या स्क्रिप्ट आणि वार्षिक सभेचे रिपोर्ट यांना हात लावू नका, तिथे हिंट लिहिणं हा खरोखरच मैत्रीण म्हणते तसा ताप आहे. त्या तापाला कंटाळून रुबी ऑन रेल्सचे कर्ते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २०२३ मध्ये टर्बो या लायब्ररीतून टाइपस्क्रिप्ट काढून टाकलं, म्हणजे ती एकटी नाही. फक्त एक लक्ष ठेव: मायपायच्या तक्रारी बंद करायला जागोजागी 'एनी' किंवा 'इग्नोर' (इथे दुर्लक्ष कर) लिहिलं जाऊ लागलं, की समज, बेरजेतल्या त्या इंटची भावंडं जन्माला येतायत.

आता सरांना सांगायचं कसं. मीटिंगमध्ये पहिल्यांदा ऐकवू नकोस. शुक्रवारी संध्याकाळी, टीम घरी निघाल्यावर, लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जा. 'सर, तुम्ही म्हणता ती शिस्त हवीच आहे, ती पायथनमध्ये कुठपर्यंत आणता येते ते बघाल का?' असं म्हण आणि आयातीचं ते एक फंक्शन दोन प्रकारे लिहून दाखव, आत्ताचं आणि डेटाक्लासवालं. बँकेत बारा वर्षं काढलेल्या माणसाला कुठे काय चुकतं याचा वास येतो. दारावरचे नियम काय असावेत, कडक सेटिंग कोणत्या मॉड्यूलला लावायची, कशाला पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) अडवायची, हे ठरवायचं काम त्यांच्याकडेच दे. तुझ्यापेक्षा ते जास्त चांगलं ठरवतील, आणि सोमवारी प्रस्ताव त्यांच्या तोंडून आला तर तुझं काय बिघडतं? मैत्रिणीकडे खराब एक्सेल फाइलींचा संग्रह सोपव. "/-" वाली, स्टिल्टवाली, रिकाम्या सेलची, सगळ्या टेस्टमध्ये घालायला सांग. तिला ते आवडेल.

आणि मीटिंगमध्ये गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी यादी) उघडायचं नाही. पार्किंगची ओळ तुझी असेल, इंट दुसऱ्याचा, रिव्ह्यू तिसऱ्याचा, फाइल सोसायटीची. मालकांनी विचारलंच तर 'ओळ मी लिहिली होती, दुरुस्ती मी करतोय, एवढे दिवस लागतील' इतकंच.

सोमवारच्या आधी मात्र एक काम उरक, आणि ते मालकांना सांगून उरक. मुलुंडच्या त्या सोसायटीत एक पार्किंग असलेल्यांची बिलं बरोबरच गेली असणार, कारण "५००" गुणिले १ म्हणजे "५००"च. पार्किंग नसलेल्यांसाठी ती ओळ चालतच नसणार, नाहीतर रिकाम्या स्ट्रिंगवर इंट फुटला असता आणि तुला तेव्हाच कळलं असतं. म्हणजे हा बग फक्त दोन किंवा जास्त पार्किंगवाल्यांनाच दिसतो. बाकी ज्या सोसायट्यांच्या फाइलमध्ये दराचा कॉलम टेक्स्ट आहे पण आजवर कुणाकडे दुसरी गाडी नव्हती, तिथे तो शांत बसलेला असेल. सगळ्या सोसायट्यांच्या फाइलींवर एक छोटी स्क्रिप्ट फिरव आणि अशा सोसायट्यांची यादी काढ. पार्किंगपुरतं थांबू नकोस, जिथे जिथे दर गुणिले संख्या आहे ते सगळे कॉलम बघ: नळ, खोल्या, थकलेले महिने. त्या स्क्रिप्टला टाइप हिंट लावल्या नाहीस तरी चालेल.